घरमालक सरकार, भाडेकरू शहर

वॉशिंग्टनच्या ईशान्येस, राजधानीच्या हद्दीपासून मोटारीने फार तर अर्ध्या तासावर असलेल्या ग्रीनबेल्ट या छोट्या शहराचा पहिला घरमालक अमेरिकेचे केंद्र सरकार होते, ही गोष्ट आजच्या अमेरिकेकडे पाहून सहजासहजी पटत नाही. १९३७ ते १९५२ या काळात मेरीलँड राज्यातल्या या गावातले घर न् घर, प्रत्येक दुकानाचा गाळा, तळे, पायवाटा आणि भोवतीचे जंगल सरकारी मालकीचे होते. रहिवासी दरमहा भाडे भरत होते, सुरुवातीच्या वर्षांत तर सरकारच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा अधिकारी आणि नगर परिषदेचा कारभार पाहणारा व्यवस्थापक हे एकच गृहस्थ होते, आणि तरीही या भाडेकरूंनी आपली परिषद निवडली, दुकाने चालवली, साप्ताहिक काढले व घरमालकाशी वाद घालण्याची एकही संधी सोडली नाही. खासगी मालकीचे घर हीच ज्या देशात नागरिकत्वाची खूण मानली जाते, तिथे इतके बोलके नागरिक एका सरकारी वसाहतीत निपजावेत, हे या शहराचे पहिले कोडे आहे.

अमेरिकेत ‘शहर’ हा लोकवस्तीच्या आकाराचा दाखला नसून कायदेशीर दर्जा आहे. राज्याचे विधिमंडळ सनद देते, त्या सनदेने महापालिकेसारखी एक संस्था जन्माला येते आणि तिला कर बसवण्याचा, पोलीस ठेवण्याचा, कचरा उचलण्याचा, बागा व क्रीडांगणे राखण्याचा अधिकार मिळतो. ग्रीनबेल्टला हा दर्जा १ जून १९३७ रोजी मिळाला, तेव्हा तिथे एकही कुटुंब राहायला आलेले नव्हते. पहिली कुटुंबे सप्टेंबरच्या अखेरीस आली. म्हणजे शहर आधी आणि शहरवासी नंतर, असा हा उलटा क्रम होता. निवडून आलेल्या परिषदेने धोरण ठरवायचे आणि तिने नेमलेल्या व्यावसायिक व्यवस्थापकाने कारभार हाकायचा, ही पद्धत स्वीकारणारे ते मेरीलँडमधले पहिले शहर होते. शाळा मात्र काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणाऱ्या प्रशासकीय विभागाच्या, हाती राहिल्या. जमिनीचा वापर कशासाठी करायचा, म्हणजे कुठे घरे, कुठे दुकाने आणि किती मजले, हे ठरवण्याचा अधिकारही आज काउंटीकडेच आहे. ज्या शहराचे नाव नियोजनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते त्याला स्वतःच्या नियोजनाचा अंतिम अधिकार नाही, आणि २०२० च्या जनगणनेनुसार २४,९२१ लोकवस्ती असलेल्या या शहराचे अलीकडचे राजकारण समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते.

चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी

महामंदीच्या काळात, १९३५ साली, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘रिसेटलमेंट अॅडमिनिस्ट्रेशन’ हे पुनर्वसन खाते निर्माण केले आणि त्याच्या प्रमुखपदी कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ रेक्सफर्ड टगवेल यांना बसवले. शहराबाहेरची स्वस्त जमीन सरकारने घ्यावी, तिथे संपूर्ण गाव उभे करून लोकांना न्यावे आणि मग शहरातल्या गलिच्छ वस्त्या पाडून तिथे बागा कराव्यात, असा टगवेल यांचा विचार होता. त्याच्या पूर्वार्धापुरतीच तीन गावे प्रत्यक्षात उतरली: मेरीलँडमधले ग्रीनबेल्ट, ओहायोतले ग्रीनहिल्स आणि विस्कॉन्सिनमधले ग्रीनडेल. न्यू जर्सीत ठरलेले चौथे गाव न्यायालयाच्या निकालामुळे कागदावरच राहिले. टीकाकारांनी ग्रीनबेल्टला ‘टगवेलटाऊन’ म्हणून हिणवले आणि सरकारी पैशाने समाजवाद आणला जात असल्याची ओरड केली. खुद्द टगवेल १९३६ च्या अखेरीस सरकारी नोकरीतून बाहेर पडले.

या आराखड्यामागची कल्पना इंग्लंडमधून आली होती. एबनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये ‘उद्याननगरी’ची संकल्पना मांडली होती: मर्यादित आकाराचे गाव, त्याला वेढणारा शेतांचा व जंगलाचा हिरवा पट्टा, आणि सर्व जमिनीची एकत्रित मालकी, जेणेकरून गाव वाढल्यावर जमिनीला येणारी वाढीव किंमत सट्टेबाजाच्या खिशात न जाता गावाच्याच कामी यावी. गावाचे नावच त्या हिरव्या पट्ट्यावरून ठेवलेले आहे. हॉवर्ड यांच्या अनुयायांपैकी बहुतेकांनी झाडे उचलली आणि मालकीचा मुद्दा सोयीस्करपणे बाजूला ठेवला. ग्रीनबेल्टमध्ये, निदान पहिली पंधरा वर्षे, दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या.

नियोजक हेल वॉकर आणि वास्तुविशारद डग्लस एलिंग्टन व रेजिनाल्ड वॉड्सवर्थ यांनी चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकडीचा उतार धरूनच रस्ते आखले. क्रेसेंट रोड आणि रिज रोड हे दोन मुख्य रस्ते एकमेकांना समांतर वळत जातात आणि त्यांच्या मधल्या जमिनीचे, आडव्या गल्ल्या न पाडता, मोठमोठे खंड केलेले आहेत. अशा खंडाला नियोजनाच्या भाषेत ‘सुपरब्लॉक’ म्हणतात. मोटारी खंडाच्या कडेपर्यंत येतात. आतल्या भागात पायवाटा, गवताची मोकळी जागा आणि मुलांची खेळण्याची ठिकाणे आहेत. चालणाऱ्याला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून रस्त्याखालून बुटके भुयारी मार्ग काढलेले आहेत, त्यामुळे शाळेत, तरणतलावावर किंवा दुकानात जाणाऱ्या मुलाची वाट रस्त्यावरच्या गाडीला आडवी येतच नाही. तळेदेखील मुद्दाम केलेले, सुमारे २३ एकरांचे आहे. बांधकामाचा एक हेतू वॉशिंग्टनच्या बेकारांना काम देणे हाच असल्याने, यंत्राने लवकर झाले असते असे बरेचसे खोदकाम हातांवर सोपवण्यात आले.

घरांची रचना इथल्या माणसांच्या बोलण्यातही उतरली आहे. रांगेतल्या प्रत्येक घराला दोन तोंडे असतात. एक ‘सर्व्हिस साइड’, जिकडे स्वयंपाकघर, कचऱ्याचा डबा, धुणे वाळत घालण्याची दोरी आणि गाड्या उभ्या करण्याचे अंगण असते, आणि दुसरी ‘गार्डन साइड’, जिकडे बैठकीची खोली बागेकडे व पायवाटेकडे उघडते. यातले पुढचे दार कोणते, हा प्रश्न नव्या पाहुण्याला हमखास पडतो, कारण गाडीने येणारा स्वयंपाकघराच्या दारी पोचतो आणि पायी येणारा बैठकीच्या. क्रेसेंट रोडवरचे यांपैकी एक घर १९८७ पासून संग्रहालय म्हणून जपलेले आहे. आत शिरताच पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा लहानपणा. जिना अरुंद, स्वयंपाकघर एका माणसापुरते, आणि सरकारी कलाकारांनी याच खोल्यांच्या मापाने आखलेले साधे, बळकट लाकडी फर्निचर, जे भाडेकरूंना हप्त्याने विकत घेता येई. काही घरे पांढऱ्या रंगाची, सपाट छपराची आणि काचेच्या विटांनी सजवलेली आहेत, तर काही विटांची व उतरत्या छपराची; पहिल्या प्रकाराला युरोपातल्या आधुनिक वास्तुकलेचे वळण आहे, दुसऱ्यात जुन्या अमेरिकन घराची ओढ दिसते, आणि दोन्ही एकाच पायवाटेवर शेजारी उभी असल्याने गावाचा एकसुरीपणा बराच कमी झाला आहे.

मध्यभागी रूझवेल्ट सेंटर हा दुकानांचा चौक आहे. तिथे लेनोर थॉमस यांनी घडवलेले आई व मुलाचे दगडी शिल्प आहे. थोड्या अंतरावरच्या जुन्या शाळेच्या भिंतीवर याच शिल्पकर्तीने अमेरिकी राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतल्या कल्पना उठावाच्या चित्रांत कोरल्या आहेत. न्याय, शांतता, संरक्षण, लोककल्याण या अमूर्त गोष्टी त्या चित्रांत काबाडकष्ट करणाऱ्या जाडजूड हातापायांच्या माणसांच्या रूपाने दिसतात. शाळेची ही इमारत आता सामुदायिक केंद्र म्हणून वापरली जाते.

पारखून घेतलेले शेजारी

मूळ आराखड्यात ८८५ घरे होती, त्यांपैकी ५७४ रांगेतली, ३०६ सदनिका आणि ५ प्रायोगिक सुटी घरे; त्यांच्यासाठी ५,७०० हून अधिक कुटुंबांनी अर्ज केले. वार्षिक उत्पन्न साधारण ८०० ते २,२०० डॉलरच्या दरम्यान असावे, सध्याचे घर राहण्यास अपुरे असावे, भाडे वेळेवर भरण्याची ऐपत व सवय असावी, अशा अटी होत्या. समाजसेवा विभागाचे कर्मचारी अर्जदाराच्या घरी जाऊन मुलाखत घेत आणि सामुदायिक जीवनात भाग घेण्याची त्याची तयारी किती आहे हेही पाहत. धर्माच्या बाबतीत वॉशिंग्टन परिसरातल्या प्रमाणानुसार प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू कुटुंबांचे वाटे ठरवण्यात आले. कृष्णवर्णीयांचा वाटा शून्य होता. गाव बांधणाऱ्या मजुरांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते, त्यांच्यासाठी लगतच रॉसव्हिल नावाची वेगळी ग्रामीण वसाहत करण्याचा विचारही झाला होता. पण तो मागे पडला आणि स्वतः उभारलेल्या घरांपैकी एकाचीही किल्ली त्यांच्या हाती आली नाही.

ग्रीनबेल्टच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्या लिखाणात हा परिच्छेद बहुधा तळटीपेत असतो. तो मुख्य मजकुरात यायला हवा, कारण एकाच वयाची, सारख्या मिळकतीची, लहान मुले असलेली, बहुतांशी सरकारी कारकुनीत असलेली आणि मिसळण्याच्या हौसेबद्दल आधीच पारखलेली कुटुंबे एकत्र आणल्यावर शेजारधर्म फुलला, तर त्याचे सगळे श्रेय पायवाटांना देता येत नाही. भुयारी मार्गांनी आणि चौकाने भेटीगाठी सोप्या केल्या, हे खरेच. पण कोणाची कोणाशी भेट व्हावी हे मुलाखत घेणाऱ्यांनी आधीच ठरवले होते. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात दाखवलेल्या ‘द सिटी’ या माहितीपटात, ज्याचे निवेदन लुईस ममफर्ड यांनी लिहिले आणि संगीत आरन कोपलंड यांनी दिले, ग्रीनबेल्टची सायकलवरची मुले भविष्यातल्या अमेरिकेची प्रतिनिधी म्हणून दिसतात. ती सगळी गोरी आहेत.

घरमालकाचे नियमही काटेकोर होते. कुत्रे पाळण्यास मनाई होती, आणि धुणे दुपारी चारनंतर दोरीवर राहता कामा नये, रविवारी तर मुळीच नाही, अशी ताकीद असे. रहिवाशांनी यातले काही पाळले, काहींवर वर्षानुवर्षे वाद घातला.

सभांचे वेड

बॉस्टनचे धनाढ्य व्यापारी एडवर्ड फाइलीन हे ग्राहक सहकाराचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी स्थापलेल्या संस्थेच्या कर्जातून रूझवेल्ट सेंटरमधली किराणा दुकान, औषधांचे दुकान, केशकर्तनालय, पेट्रोल पंप अशी दुकाने सुरू झाली आणि १९४० च्या आरंभी रहिवाशांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेने ती ताब्यात घेतली. प्रत्येक सभासदाला एक मत, मग त्याचे भाग कितीही असोत, आणि नफा उरला तर खरेदीच्या प्रमाणात परतावा, ही ग्राहक सहकाराची जगभर रुळलेली तत्त्वे इथेही होती. पतपेढी, बालवाडी, आरोग्य संघ असे एकेक करून बरेच काही या पद्धतीने उभे राहिले. समित्या आणि मंडळांचा सुकाळ एवढा झाला, की पहिल्याच नाताळात लोकांना चार दिवस घरी बसता यावे म्हणून बैठकांना विराम जाहीर करावा लागला.

या सगळ्यात दीर्घायुषी ठरले ते साप्ताहिक. २४ नोव्हेंबर १९३७ रोजी ‘ग्रीनबेल्ट कोऑपरेटर’ या नावाने सायक्लोस्टाइल केलेला पहिला अंक निघाला. १९५४ मध्ये त्याचे नाव ‘ग्रीनबेल्ट न्यूज रिव्ह्यू’ झाले. संपादन आणि बातमीदारी मुख्यतः स्वयंसेवकांची, मालकी सहकारी, आणि अंक प्रत्येक घरी मोफत, ही चौकट आजतागायत टिकली आहे. परिषदेच्या सभेत कोणत्या ठरावावर कोण काय बोलले याचा वृत्तान्त त्यात इतक्या तपशिलाने येतो, की बाहेरच्या वाचकाला तो कंटाळवाणा वाटावा; पण स्थानिक वृत्तपत्रे एकामागून एक बंद पडलेल्या देशात आपल्या परिषदेचा खर्च दर आठवड्याला वाचायला मिळणे, ही चैन फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते.

सहकाराच्या या सवयीची किंमतही काहींनी मोजली. शीतयुद्धाच्या सुरुवातीला ‘सहकार’ आणि ‘साम्यवाद’ यांतला फरक करण्याच्या मनःस्थितीत वॉशिंग्टन नव्हते. नौदलाच्या जलालेखन कार्यालयात वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेले आणि गावातल्या सहकारी कामात पुढे असलेले एब्राहम चॅसनाव यांना १९५३ मध्ये, जहालांशी संबंध असल्याच्या अनामिक माहितीवरून, देशाच्या सुरक्षेला धोका ठरवून निलंबित करण्यात आले. शेजाऱ्यांनी त्यांच्या बाजूने प्रतिज्ञापत्रे दिली, ‘वॉशिंग्टन डेली न्यूज’च्या अँथनी लुईस यांनी प्रकरण लावून धरले, आणि १९५४ मध्ये नौदलाने त्यांना सन्मानाने परत घेतले. लुईस यांना या वार्तांकनासाठी १९५५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे या घटनेवर ‘थ्री ब्रेव्ह मेन’ हा चित्रपटही निघाला.

घरे राहिली, जमीन गेली

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर, १९४१ मध्ये, संरक्षण खात्यातल्या नोकरदारांसाठी आणखी १,००० घरे घाईघाईने बांधली गेली. ती लाकडी चौकटीची, साधी, म्हणूनच गावात अजूनही ‘फ्रेम होम्स’ म्हणून ओळखली जातात. युद्ध संपल्यावर सरकारला घरमालकी नकोशी झाली आणि १९४९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ग्रीनबेल्टसह तिन्ही गावे विकण्याचा कायदा केला, ज्यात युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या व रहिवाशांच्या संघटनांना प्राधान्य होते. ग्रीनबेल्टमध्ये रहिवाशांनी स्थापन केलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने १९५२ मध्ये सुमारे १,६०० घरे एकगठ्ठा विकत घेतली. तिचे नाव पुढे ‘ग्रीनबेल्ट होम्स’ झाले आणि लोकांच्या तोंडी ती ‘जीएचआय’ आहे.

मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासद असलेल्या वाचकाला हिचा कारभार परका वाटणार नाही. जमीन आणि इमारती संस्थेच्या नावावर असतात. सभासदाकडे संस्थेशी केलेला करार आणि त्या करारानुसार विशिष्ट घराचा कायमचा ताबा असतो. दरमहा भरायच्या शुल्कातून मालमत्ता कर, विमा, छपरे व पाइपांची दुरुस्ती आणि भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी भागतो. भिंत पाडायची, खोली वाढवायची किंवा अंगणात कुंपण घालायचे तर संस्थेची परवानगी लागते, आणि नवा सभासद आत येण्याआधी त्याची आर्थिक स्थिती तपासली जाते. विक्रीची किंमत मात्र सभासद व गिऱ्हाईक आपसांत ठरवतात. घरे मुळातच लहान असल्याने आणि एकेक घर पाडून तिथे बंगला बांधण्याची सोय नसल्याने, राजधानीच्या परिसरात इतरत्र जे झाले ते इथे झाले नाही. छोट्या जुन्या घराच्या जागी टोलेजंग नवे घर उभे राहून शेजारच्या कराचा बोजा वाढण्याचा प्रकार या पायवाटांवर दिसत नाही. १९९७ मध्ये जुन्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण संवर्धनाचे खरे काम त्याआधी पंचेचाळीस वर्षे मालकीच्या या करारानेच केलेले होते.

घरांच्या बाबतीत साधलेले मोकळ्या जमिनीच्या बाबतीत साधले नाही. घरांसोबत संस्थेला शेकडो एकर न बांधलेली जमीनही मिळाली होती, पण तिच्यावरचा कर आणि घरांचे कर्ज एकाच वेळी फेडणे कारकुनी पगारावर जगणाऱ्या सभासदांना झेपेना, तेव्हा पन्नाशीच्या दशकातच ती जमीन खासगी विकासकांना विकली गेली. दक्षिणेकडचे सुमारे १,१०० एकर जंगल १९५० मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेल्यामुळे वाचले. राजधानीच्या दाट उपनगरांत आज जिथे तंबू ठोकून राहता येते ते ग्रीनबेल्ट पार्क हेच. उत्तरेला कृषी खात्याचे बेल्ट्सव्हिल संशोधन केंद्र असल्याने त्या बाजूलाही मोकळे रान राहिले. बाकीच्या पट्ट्यात रस्ते आणि बांधकामे आली. हॉवर्ड यांच्या कल्पनेतला जो भाग सर्वांत कमी देखणा होता, म्हणजे जमिनीची सामायिक मालकी, तो हातून सुटला आणि त्यामागोमाग हिरवा पट्टाही गेला. संस्थेवर त्याचा ठपका ठेवणे सोपे असले तरी न्याय्य नाही, कारण कर आणि कर्ज एकत्र पेलण्याची सभासदांची ऐपत नव्हती.

जमिनीच्या भांडणातून आलेला निकाल

विकासक आणि गाव यांच्यातली झटापट पुढची दोन दशके चालली. चार्ल्स ब्रेस्लर हे त्या परिसरातले मोठे बांधकाम व्यावसायिक होते आणि राज्य विधिमंडळाचे सदस्यही होते. १९६५ मध्ये त्यांना आपल्या एका जमिनीवर अधिक दाट बांधकामाची मुभा हवी होती, तर शहराला हायस्कूलसाठी त्यांचीच दुसरी जमीन हवी होती. दोन्ही बोलणी एकाच वेळी सुरू असल्याने परिषदेच्या जाहीर सभा तापल्या आणि ब्रेस्लर यांची भूमिका म्हणजे ‘ब्लॅकमेल’ असल्याचे काही नागरिक उघड बोलले. साप्ताहिकाने सभेत झाले ते तसेच्या तसे छापले. ब्रेस्लर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने ५,००० डॉलर भरपाई व १२,५०० डॉलर दंडात्मक नुकसानी मंजूर केली आणि मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या पत्राला ही रक्कम बुडवायला पुरेशी होती. वाचकांनी वर्गणी काढली आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला.

मे १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी असे मांडले, की जाहीर वाटाघाटींबद्दलच्या तापलेल्या चर्चेत आलेला हा शब्द वाचून ब्रेस्लर यांनी खंडणीचा गुन्हा केला असे कोणताही वाचक मानणार नाही. तो बोलण्यातला जोरकसपणा आहे, आणि जाहीर सभेत जे घडले त्याची खरी बातमी देणाऱ्या पत्राला त्यासाठी शिक्षा देता येत नाही. शब्दांच्या अशा अतिशयोक्तीला राज्यघटनेचे संरक्षण आहे, हे तत्त्व सांगताना अमेरिकेतली न्यायालये आजही या खटल्याचा हवाला देतात. खटल्याला कारण झालेला प्रश्न मात्र जमीन कोणाची आणि तिच्यावर किती बांधायचे, एवढाच होता.

एका नावाची तीन गावे

१९५४ मध्ये बॉल्टिमोर-वॉशिंग्टन पार्कवे आणि १९६४ मध्ये राजधानीला वेढणारा बेल्टवे हा वर्तुळमार्ग वाहतुकीला खुला झाला, आणि ज्या गावात मुलांना रस्ता ओलांडावा लागू नये अशी योजना होती ते महामार्गांनी कापले गेले. आजचे ग्रीनबेल्ट म्हणजे तीन वस्त्या आहेत. मध्ये जुने गाव. पश्चिमेला साठच्या दशकात उभा राहिलेला अडीच हजारांहून अधिक भाड्याच्या सदनिकांचा स्प्रिंगहिल लेक, ज्याला आता फ्रँकलिन पार्क म्हणतात, आणि त्याच्याजवळचा बेल्टवे प्लाझा हा मॉल. पूर्वेला पार्कवेपलीकडे सदनिका, रो हाऊस, कार्यालये आणि नासाच्या गोडार्ड अंतराळ केंद्रामुळे वाढलेली वस्ती. पूर्वेकडून जुन्या गावात पायी येण्यासाठी पार्कवेवर एक पादचारी पूल आहे. पश्चिमेकडून येणाऱ्याला रहदारीचा केनिलवर्थ अॅव्हेन्यू पार करावा लागतो, आणि भुयारी मार्गांची सोय तिथपर्यंत पोचलेली नाही.

१९६८ च्या राष्ट्रीय कायद्याने घर देताना वर्णभेद करणे बेकायदा ठरले. नव्या वस्त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबे आली, पाठोपाठ मध्य अमेरिकेतून आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेले लोक आले, आणि आज शहराच्या लोकसंख्येत गोरे अल्पसंख्य आहेत. जुन्या गावातल्या मुलाखतींसारखी कुठलीही चाळणी लागून हे लोक आलेले नाहीत. भाडे परवडले, मेट्रो जवळ होती, म्हणून ते आले. १९३७ च्या रहिवाशांपेक्षा शेजारधर्माची कसोटी यांच्याबाबतीत जास्त कठीण आहे, आणि तिचे उत्तर संमिश्र आहे. १९८४ मध्ये मूळ ग्राहक संस्थेने किराणा दुकान बंद करायचे ठरवले तेव्हा रहिवाशांनी पैसे जमवून ते विकत घेतले. १९९५ मध्ये ‘न्यू डील कॅफे’ हे सहकारी उपाहारगृह निघाले. १९५५ पासूनचा लेबर डेचा उत्सव दरवर्षी भरतो. या सगळ्या संस्था जुन्या गावात आहेत आणि तिथल्या माणसांच्या वेळेवर चालतात. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या भाडेकरूकडे समितीला देण्यासारखी संध्याकाळ नसते, ही साधी गोष्ट सहकाराच्या कौतुकात सुटून जाते. साप्ताहिक मात्र तिन्ही वस्त्यांच्या दारात पडते.

परिषदेच्या निवडणुकीत प्रभाग नाहीत; सर्व जागांसाठी संपूर्ण शहर मतदान करते. मतदानाला हमखास बाहेर पडणारे जुने गाव त्यामुळे अनेक दशके वरचढ राहिले, आणि कृष्णवर्णीयांची संख्या एवढी वाढूनही पाच जणांच्या परिषदेत त्यांच्यापैकी कोणी निवडून आले नव्हते. नागरी हक्क संघटनांच्या दबावानंतर २००९ मध्ये जागा पाचाच्या सात झाल्या आणि त्या निवडणुकीत एमेट जॉर्डन हे परिषदेवर येणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. पुढे ते महापौरही झाले. २०१८ मध्ये शहराच्या निवडणुकीत मतदानाचे वय सोळावर आणले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी कृष्णवर्णीय व मूलनिवासी रहिवाशांना ऐतिहासिक अन्यायाची भरपाई देण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी २१ सदस्यांचा आयोग नेमण्यास सार्वमताने मान्यता दिली. अशा प्रश्नात एरवी अन्याय नेमका कोणी केला हे शोधण्यातच बराच काळ जातो, पण ग्रीनबेल्टमध्ये कोणाला घर द्यायचे आणि कोणाला नाही हे सरकारी कागदांवरच लिहिलेले आहे. अवघड भाग वेगळाच आहे: अर्जदार नाकारणारे खाते केंद्राचे होते, शहराचे नव्हे, आणि आजचे कृष्णवर्णीय रहिवासी हे बहुतांशी त्या मजुरांचे वंशज नाहीत.

केंद्र सरकारने अलीकडे पुन्हा एकदा या शहराकडे मोहरा वळवला होता. १९९३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या ग्रीनबेल्ट स्थानकाशेजारचे मोठे पार्किंग मैदान, सुमारे ६१ एकरांचे, एफबीआयच्या नव्या मुख्यालयासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये निवडले गेले. जवळपास दहा वर्षे रेंगाळलेली जागेची ही स्पर्धा जिंकल्याने काउंटीत आनंद होता, तर जुन्या गावात रोजगार आणि रहदारी या दोन बाजूंची चर्चा सुरू होती. जुलै २०२५ मध्ये केंद्राने निर्णय बदलला आणि मुख्यालय वॉशिंग्टनमधल्याच रोनाल्ड रेगन इमारतीत नेण्याचे जाहीर केले. मैदानाची मालकी मेट्रो प्राधिकरणाकडे आहे, तिथे काय बांधता येईल हे काउंटी ठरवते, आणि ग्रीनबेल्टच्या परिषदेला त्यावर शिफारस करता येते.